गरोदरपणाचे पहिले तीन महिने : मळमळ, डोहाळे आणि गावाची जबाबदारी

आपल्याकडे गरोदर स्त्रीचे कौतुक बहुधा सातव्या महिन्यात होते. तिला हिरवी साडी नेसवितात, फुलांची वाडी भरतात, झोपाळ्यावर बसवून ओटी भरतात आणि आवडीचे पदार्थ करून जेवू घालतात. हा सोहळा मंगल आहे, आणि तो तसाच चालू राहावा. परंतु ज्या डोहाळ्यांच्या नावाने तो साजरा होतो, ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच सुरू झालेले असतात. त्या वेळी घरात सोहळा नसतो, आणि अनेकदा बातमीही नसते. ‘तीन महिने पुरे झाल्यावाचून कोणाला सांगू नये’ असा संकेत पुष्कळ घरांतून अद्याप पाळला जातो. त्यामुळे ज्या काळात स्त्रीला सर्वांत अधिक त्रास होतो, त्याच काळात ती तो मुकाट्याने सोसते. शेतातले, घरातले, कार्यालयातले काम चालूच असते. आरोग्य केंद्रातील नोंदही याच मौनापायी लांबते.

या मौनाची किंमत काय आणि ती कशी टाळता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा विषय केवळ घरातील वडीलधाऱ्या बायकांचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय अधिकारी यांचाही त्यात निश्चित वाटा आहे.

मळमळ का होते?

गरोदरपणातील मळमळ सामान्यतः पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्या आठवड्याच्या सुमारास वाढते आणि बाराव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत बहुतेकींच्या बाबतीत ओसरते. निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना ती कमी-अधिक प्रमाणात जाणवते. ती सकाळीच होते असेही नाही. दिवसा वा रात्री केव्हाही होऊ शकते. तिच्या जोडीला थकवा, तोंडाला पाणी सुटणे, छातीत जळजळ, बद्धकोष्ठ, वारंवार लघवीस जावे लागणे आणि वासाचा तिटकारा हे त्रास येतात. एरवी भूक चाळविणारा फोडणीचा वास या दिवसांत असह्य होतो.

हा ‘मनाचा खेळ’ आहे, ‘कामाचा कंटाळा’ आहे, असे बोल अनेकींना ऐकावे लागतात. ते सर्वस्वी अन्यायाचे आहेत. गर्भ आणि वार यांच्यापासून जीडीएफ-१५ नावाचे संप्रेरक तयार होते व ते आईच्या रक्तात उतरते. ज्या स्त्रीच्या शरीरात गरोदरपणापूर्वी या द्रव्याचे प्रमाण कमी असते, तिला त्याचा त्रास अधिक होतो, असे डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे एका सुनेला काहीच झाले नाही आणि दुसरी अंथरूण धरून राहिली, तर त्यात नाजूकपणाचा प्रश्न नाही. दोघींच्या शरीराची पूर्वस्थितीच निराळी असते.

घरी काय करता येईल?

पोट अगदी रिकामे राहिले तर मळमळ वाढते, आणि एकदम भरले तरीही वाढते. म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडेथोडे खावे. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीच काहीतरी कोरडे खावे. त्यासाठी ज्वारीच्या लाह्या, चुरमुरे, भाजलेले चणे, खाकरा किंवा कोरड्या भाकरीचा तुकडा चालतो. खाल्ल्यावर काही मिनिटे पडून राहावे व मग सावकाश उठावे. पाणी जेवणाबरोबर भरपूर न पिता दोन खाण्यांच्या मध्ये घोट-घोट घ्यावे. लिंबाचे किंवा कोकमाचे सरबत, पातळ ताक, तांदळाची अथवा नाचणीची पेज ही पोटात राहण्याचा संभव अधिक असतो. आल्याचा लहानसा तुकडा किंवा आले घातलेले गरम पाणी यांनी अनेकींना आराम पडतो. तळलेले व फार तिखट पदार्थ काही आठवडे बाजूला ठेवावेत. जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये.

सर्वांत उपयोगी उपाय मात्र तिच्या हातात नसून घरच्यांच्या हातात असतो. फोडणीच्या वासाने जिला ओकारी येते, तिनेच दोन्ही वेळचा स्वयंपाक करावा असा आग्रह धरू नये. सासू, नणंद, दीर आणि पती यांनी काही आठवडे चुलीचे काम वाटून घ्यावे. पाण्याच्या हंड्याचे ओझेही तिच्या डोक्यावरून उतरवावे.

मळमळीवर उपाय म्हणून काही स्त्रिया मशेरी लावतात, किंवा आधीची सवय या दिवसांत वाढवितात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू होय. तिच्यातील निकोटीन हिरड्यांतून रक्तात व तेथून गर्भापर्यंत पोहोचते. बाळाचे वजन कमी भरते. ही सवय गरोदरपणात पूर्णपणे सुटली पाहिजे.

दुकानातून आपल्या मनाने गोळी आणून घेणेही धोक्याचे आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे औषध विक्रीस आले. गरोदर स्त्रियांच्या मळमळीवरही ते दिले जाई. त्यामुळे अनेक देशांत हजारो मुले हातापायांतील गंभीर व्यंगे घेऊन जन्मास आली आणि १९६१ च्या अखेरीस ते जर्मनीत मागे घ्यावे लागले. याचा अर्थ औषध मुळीच घेऊ नये असा नव्हे. आज मळमळीवर सुरक्षित ठरलेली औषधे उपलब्ध आहेत. ती डॉक्टरांनी तपासून द्यावयाची आहेत, एवढेच.

केव्हा थांबू नये?

थोड्या स्त्रियांत उलट्या इतक्या वाढतात की शरीरातील पाणी व क्षार कमी होतात आणि वजन घटू लागते. ‘पहिलटकरणीला असे व्हायचेच’ असे म्हणून अशा वेळी दिवस घालविणे जिवावर बेतू शकते. पुढील लक्षणे दिसताच तिला आरोग्य केंद्रात न्यावे :

दिवसभरात पाणीसुद्धा पोटात न राहणे, लघवी फार कमी व गडद पिवळी होणे, उभे राहताच घेरी येणे, उलटीत रक्त दिसणे, डोळे पिवळे होणे, ताप येणे, लघवीच्या वेळी आग होणे, ओटीपोटात दुखणे, अंगावरून रक्त जाणे. वजन भराभर उतरत असेल तरीही थांबू नये. जुळे असताना किंवा द्राक्षगर्भासारख्या विकारात उलट्या अधिक होतात. त्याचे निदान तपासणीनेच होऊ शकते.

डोहाळे : कोणते पुरवावे, कोणते ओळखावे?

डोहाळे हा शब्द संस्कृत ‘दोहद’ शब्दाशी नाते सांगतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीला दोन हृदयांची स्त्री म्हटले असून तिच्या इच्छा पूर्ण कराव्यात असे सांगितले आहे. त्यातील शरीरशास्त्र आज तसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. पण गर्भवतीच्या इच्छेला मान द्यावा ही दृष्टी आजही योग्यच आहे. चिंच, कैरी, आवळा, लोणच्याची फोड, भेळ, एखादी मिठाई यांची इच्छा होणे स्वाभाविक आहे. बेताने दिल्यास त्यात काही वावगे नाही. पदार्थ ताजा, स्वच्छ आणि झाकलेला असावा, तसेच त्यामुळे मुख्य जेवण सुटू नये, इतकी काळजी पुरे. ज्यांना रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा विकार आहे, त्यांनी मात्र खारट व गोड यांविषयी डॉक्टरांना विचारावे.

काही डोहाळे मात्र निराळे असतात. चुलीची किंवा भिंतीची माती, राख, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, नुसता बर्फ असे पदार्थ खाण्याची ओढ काही स्त्रियांना लागते. ही ओढ जुनीच आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’तील तिसऱ्या सर्गात गर्भवती सुदक्षिणा राणीच्या मुखाला मातीचा सुगंध येतो आणि दिलीप राजाला त्याचे कौतुक वाटते. पुत्र पुढे पृथ्वीचा उपभोग घेणार, म्हणून मातेला आधीच मातीची आवड, अशी कल्पना कवीने तेथे केली आहे. काव्यात ती शोभून दिसते. घरात मात्र मातीच्या डोहाळ्याचा अर्थ वेगळा घ्यावयास हवा. अशी ओढ व रक्तातील लोहाची कमतरता या दोन गोष्टी पुष्कळदा एकत्र आढळतात. लोह भरून निघाल्यावर अनेकींची ती ओढ आपोआप थांबते. उलट, माती खाल्ल्याने पोटात जंतांची अंडी जातात, शिसे जाण्याची भीती असते आणि अन्नातील लोह शोषले जाण्यास अडथळा येतो. म्हणजे ज्या कमतरतेतून डोहाळा लागतो, तीच तो पुरविल्याने वाढते. म्हणून माती खाणाऱ्या स्त्रीला रागावू नये, हसू नये. तिचे रक्त तपासून घ्यावे.

हा प्रश्न किती मोठा आहे हे एका आकड्यावरून कळेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात. ७ ग्रॅमच्या खाली गेल्यास तो तीव्र असतो. अशा स्त्रीला प्रसूतीच्या वेळचा थोडा अधिक रक्तस्रावही सोसत नाही.

गोळ्या आणि आहार

गर्भाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांच्या आतच बंद होते. पाळी चुकल्याचे नीट ध्यानात येईपर्यंत हा काळ उलटत आलेला असतो. म्हणून फोलिक आम्लाची ४०० मायक्रोग्रॅमची मात्रा गर्भधारणेपूर्वीपासून घेणे उत्तम. निदान दिवस राहिल्याचे कळताच ती सुरू करून पहिले तीन महिने रोज घ्यावी. चौथ्या महिन्यापासून लोह व फोलिक आम्ल यांची संयुक्त गोळी रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस, आणि प्रसूतीनंतर आणखी १८० दिवस घ्यावयाची असते. ती लिंबूपाण्याबरोबर घेतल्यास लोह चांगले शोषले जाते. चहा, दूध किंवा कॅल्शियमची गोळी यांबरोबर ती घेऊ नये. या गोळ्यांनी शौचास काळे होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. गोळीने मळमळत असेल तर ती रात्री जेवणानंतर घ्यावी, पण बंद करू नये.

आहारात बाजरी, नाचणी, डाळी, मोड आलेली कडधान्ये, शेवग्याचा पाला, राजगिरा, तीळ, शेंगदाणे आणि ज्यांना चालते त्यांनी अंडी, मासे व मांस यांचा समावेश करावा; मात्र हे पदार्थ पूर्ण शिजवूनच खावेत. ‘जास्त खाल्ले तर मूल मोठे होऊन बाळंतपण अडेल’ ही समजूत घातक आहे. तिच्यामुळे आई अशक्त राहते आणि मूल कमी वजनाचे जन्मते.

गावाने काय करावे?

पाळी चुकल्यास आशा कार्यकर्तीकडील ‘निश्चय’ संचाने घरच्या घरी लघवीची तपासणी होऊ शकते. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदविल्यास माता व बाल संरक्षण कार्ड मिळते, आणि वजन, रक्तदाब, रक्त व लघवी यांची तपासणी वेळेवर सुरू होते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस, विशेषतः चौथ्या महिन्यापासून पुढच्या मातांची, डॉक्टरांकडून तपासणी केली जाते. या सर्व सोयींचे दार त्या पहिल्या नोंदीने उघडते.

नोंद म्हणजे जाहीर वाच्यता नव्हे, ही गोष्ट लोकांना पटवून देणे हे पहिले काम होय. शेजाऱ्यांना तीन महिने सांगू नये असे एखाद्या घराला वाटत असेल तर तसे असो. पण आशा आणि परिचारिका यांना सांगितलेच पाहिजे. त्यांनीही ती माहिती आपल्यापाशीच ठेवावी. दृष्ट लागेल, गर्भ पडेल, या भयापोटी बातमी लपविली जाते. परंतु सुरुवातीचे गर्भपात पुष्कळदा गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषांमुळे होतात. कोणाच्या नजरेने किंवा बोलण्याने होत नाहीत.

ग्रामपंचायत सदस्यांनी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या सभेत दर महिन्यास एक साधा प्रश्न विचारावा : या महिन्यात नोंद झालेल्या गरोदर मातांपैकी किती जणी बारा आठवड्यांच्या आतल्या होत्या? नावे विचारण्याची गरज नाही, संख्या पुरे. ती घटत असेल तर कारण शोधावे. ज्या गावांतून ऊसतोडीसाठी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात, तेथे निघण्यापूर्वीच तपासणी व्हावी, कार्ड आणि गोळ्या स्त्रीच्या हाती असाव्यात. म्हणजे कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्रातही तिची पुढील तपासणी सुरळीत होईल.

शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलींना आणि मुलांनाही रक्तक्षय, लोह व आहार यांचा धडा दैनंदिन जीवनाशी जोडून शिकवावा. पाटीवरची पेन्सिल खाणारी विद्यार्थिनी दिसली तर तिच्या रक्ताची तपासणी करवून घ्यावी. उद्याच्या मातेचा रक्तक्षय पुष्कळदा शाळेतच सुरू झालेला असतो.

अधिकाऱ्यांनी आपल्या कार्यालयातील गरोदर महिला कर्मचाऱ्यांना या तीन महिन्यांत बसण्याची, वारंवार बाहेर जाण्याची आणि मधूनमधून खाण्याची मोकळीक द्यावी. प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ यात गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी, दाखला सादर केल्यास, एक महिन्यापर्यंतच्या जादा पगारी रजेची तरतूद होती. ज्या आस्थापनांना हा अधिनियम लागू होता, तेथील अनेक स्त्रियांना ती कधी माहीतच नव्हती. कामगारविषयक कायद्यांच्या नव्या संहितांत आता ही तरतूद कशी आहे, तसेच शासकीय सेवेतील रजेचे नियम काय सांगतात, हे कार्यालय प्रमुखांनी पाहून आपल्या कर्मचाऱ्यांना स्वतःहून सांगावे.

गरोदर स्त्रीचे डोहाळे पुरविणे ही आपली जुनी रीत आहे. तिला पन्हे हवे की पुरणपोळी, हे आपण आवर्जून विचारतो. त्याच आपुलकीने दुसऱ्या महिन्यातच तिला विचारावे : पाणी पोटात राहते का? रक्त तपासले का? नाव नोंदविले का? सातव्या महिन्यात तिची ओटी भरली जाईल, तेव्हा या तीनही प्रश्नांची उत्तरे तिच्या कार्डावर लिहिलेली असावीत.