बरे वाटले म्हणजे रोग गेला, असे नव्हे
मल्टिपल स्क्लेरोसिस आणि त्याच्यासारखे आजार

पंचविशीतल्या एखाद्या मुलीला एके दिवशी एका डोळ्याने अंधुक दिसू लागते. डोळा हलवला की आत दुखते. लाल रंग फिका वाटतो. बाहेरून डोळा अगदी स्वच्छ असतो. तीन-चार आठवड्यांत दृष्टी सुधारते आणि घरातली मंडळी ही गोष्ट विसरून जातात. पुढे वर्ष-दोन वर्षांनी तिच्या पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. तेही महिनाभरात ओसरते. डोळ्याचा आणि पायाचा काही संबंध असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. कोणी अशक्तपणा म्हणते, कोणी मनावर घेतले म्हणते, कोणी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढते.

परंतु या दोन तक्रारींचे मूळ एकच असू शकते. त्या मुळाची आणि त्यावर झालेल्या संशोधनाची माहिती आज करून घेऊ.

तारेवरचे वेष्टण

घरातल्या विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टण असते. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या बहुतेक मज्जातंतूंवरही असेच एक आवरण असते. चरबी आणि प्रथिने यांनी बनलेल्या या आवरणाला मायलिन म्हणतात. जाड आवरणाच्या तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने जातो. आवरण नसलेल्या बारीक तंतूतून तो जेमतेम एक-दोन मीटर जातो. आवरण झिजले की संदेश रेंगाळतो, अडखळतो, कधी वाटेतच विरतो. जिथले आवरण गेले त्याप्रमाणे लक्षण दिसते. डोळ्याच्या मज्जातंतूवर घाव पडला तर दृष्टी जाते, मज्जारज्जूवर पडला तर पाय लुळे पडतात किंवा लघवीवरचा ताबा सुटतो.

१८६८ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ मार्तँ शार्को यांनी या रोगाचे सविस्तर वर्णन केले. मृत रुग्णांच्या मेंदूत त्यांना जागोजागी घट्ट झालेले चट्टे दिसले. मल्टिपल म्हणजे अनेक आणि स्क्लेरोसिस म्हणजे घट्टपणा, यावरून हे नाव पडले. डॉक्टरमंडळी त्याला थोडक्यात एम. एस. म्हणतात. हा रोग बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दुपटीहून अधिक आढळतो. थंड प्रदेशांच्या मानाने आपल्याकडे तो कमी आहे, पण नाही असे नाही. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० साली दाखवून दिले की, पारशी समाजात त्याचे प्रमाण इतर भारतीयांपेक्षा बरेच जास्त आहे. म्हणजे वंशाचा काही वाटा त्यात असावा. हा रोग संसर्गजन्य मात्र नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, कपडे वापरल्याने तो होत नाही.

वरून शांत, आत चालूच

मग लक्षणे आपोआप बरी का होतात? घावाच्या जागी आलेली सूज उतरते आणि शरीर आवरणाची थोडीफार डागडुजी करते, म्हणून. पण डागडुजी पुरती होत नाही. पुन्हा पुन्हा घाव पडले की आवरणाबरोबर आतला तंतूही तुटतो, आणि तुटलेला तंतू सहसा पुन्हा जोडला जात नाही.

हे कळायला एम. आर. आय. तपासणीची मोठी मदत झाली. १९८१ पासून ही तपासणी एम. एस.च्या रुग्णांत होऊ लागली. वरचेवर एम. आर. आय. केल्यावर असे दिसले की, रुग्णाला काहीही त्रास नसताना, तो कामावर जात असताना, मेंदूत नवे डाग पडतच असतात. म्हणजे झटका येतो तेव्हाच रोग असतो आणि एरवी नसतो, ही समजूत चुकीची ठरली. या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

चौदा इंजेक्शनांतून मिळालेला धागा

कुत्रा चावल्यावर पोटात घ्यायची चौदा इंजेक्शने चाळिशीपुढच्या वाचकांना आठवत असतील. डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली हिमाचलातल्या कसौलीत तयार केलेली ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवत. तिने असंख्य जीव वाचवले. परंतु ती घेतलेल्यांपैकी काही थोड्या लोकांना नंतर लकवा होई, आणि तो रेबीजमुळे नसे. लसीतला मेंढीच्या मेंदूचा अंश ओळखून शरीराची संरक्षक फौज चवताळायची आणि स्वतःच्याच मायलिनवर चालून जायची.

१९३०च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स यांनी माकडांना सशाच्या मेंदूचा अर्क वारंवार टोचून हाच प्रकार प्रयोगशाळेत घडवून आणला. बाहेरचा जंतू नसतानाही आपलीच प्रतिकारशक्ती मायलिन खाऊ शकते, हे यातून कळले. एम. एस.मध्येही असेच होत असावे या विचाराला तेथून बळ मिळाले. पुढे इस्रायलच्या वाइझमन संस्थेतले शास्त्रज्ञ प्राण्यांत हा रोग निर्माण करण्यासाठी एक कृत्रिम प्रथिन बनवत होते. त्याने रोग व्हायच्याऐवजी उलट बचावच होतो असे त्यांना दिसले. त्यातूनच ग्लॅटिरामर हे औषध निघाले आणि १९९६ साली अमेरिकेत मान्य झाले.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. मेंढीच्या मेंदूची ती लस भारतात २००५ पासून वापरात नाही. आजची रेबीजची लस वेगळ्या पद्धतीने बनते, ती दंडात किंवा कातडीत देतात आणि ती सुरक्षित आहे. कुत्रा चावल्यावर ती टाळू नका.

विषाणूवर संशय

आपलीच फौज आपल्यावर का उलटते? या प्रश्नाचे मोठे उत्तर २०२२ साली मिळाले. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांची वीस वर्षांची माहिती तपासली. त्यांच्या साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून असे दिसले की, एम. एस. झालेल्या ८०१ जणांपैकी एक सोडून सर्वांना आधी एप्स्टाइन-बार नावाच्या विषाणूची लागण झालेली होती. ही लागण झाल्यावर एम. एस.चा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो असे आढळले.

याने घाबरून जाऊ नये. हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतोच, आणि त्यांपैकी अगदी थोड्यांनाच एम. एस. होतो. विषाणू ही ठिणगी आहे, पण वाळलेले गवतही लागते. आनुवंशिक ठेवण, ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान यांचा त्यात वाटा आहे.

दिसायला सारखे, आतून वेगळे

१८९४ साली फ्रान्सच्या युजेन देविक यांनी डोळे आणि मज्जारज्जू या दोहोंवर एकदम घाला घालणाऱ्या आजाराचे वर्णन केले होते. त्याला न्यूरोमायलायटिस ऑप्टिका म्हणतात. तो एम. एस.चाच प्रकार असावा, असे अनेक तज्ज्ञ दीर्घकाळ मानत. २००४ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या आणि जपानच्या संशोधकांना या रुग्णांच्या रक्तात एक खास प्रतिद्रव्य सापडले, आणि २००५ साली त्याचे लक्ष्यही कळले. ते मायलिनवर नव्हे, तर मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींवरील पाण्याच्या वाटांवर हल्ला करते. म्हणजे रोगच निराळा! याच कुळातल्या मॉग प्रतिद्रव्याच्या तिसऱ्या आजाराचे निदानाचे निकष २०२३ साली ठरले. तो लहान मुलांतही होतो.

नावावरून एवढा काथ्याकूट कशाला, असे वाटेल. कारण असे की, एम. एस.वरची इंटरफेरॉनसारखी काही औषधे न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाच्या रुग्णाला दिल्यास तो आजार आणखी बळावू शकतो. युरोपच्या तुलनेत आशियाई देशांत या आजाराचा वाटा मोठा आहे. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी ही रक्ततपासणी करायची का, हे तज्ज्ञांना जरूर विचारावे. दिवसेंदिवस न थांबणारी उचकी आणि उलटी हेही या आजाराचे पहिले लक्षण असू शकते.

मुंग्या आणि तोल जाणे हे ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही होते. शुद्ध शाकाहारी मंडळींत ती पुष्कळ दिसते. ती साध्या रक्ततपासणीने कळते आणि वेळेवर उपचार केल्यास भरून निघते. तेव्हा मुंग्या आल्या की लगेच एम. एस.ची धास्ती घेण्याचेही कारण नाही.

उपचार

झटका आला की शिरेतून मोठ्या मात्रेत स्टिरॉइड तीन ते पाच दिवस देतात. त्याने सुधारणा लवकर होते. डोळ्याच्या मज्जातंतूच्या सुजेवर अमेरिकेत ४५७ रुग्णांचा एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९९२ साली आले. नेहमीच्या मात्रेत नुसत्या स्टिरॉइडच्या गोळ्या घेतलेल्यांत डोळ्याचा झटका पुन्हा येण्याचे प्रमाण वाढले, असे त्यात आढळले. म्हणून दुकानातून आपल्या मनाने स्टिरॉइडच्या गोळ्या आणून घेऊ नयेत.

झटके कमी करणारे पहिले औषध, बीटा इंटरफेरॉन, १९९३ साली अमेरिकेत मान्य झाले. २०१० साली पहिली गोळी आणि २०१७ साली ऑक्रेलिझुमॅब आले. आज डझनाहून अधिक औषधे आहेत. कोणतेही रोग मुळापासून बरा करत नाही, पण झटके आणि नवे डाग पुष्कळ कमी करते. तंतू तुटण्यापूर्वी औषध सुरू केले तर फायदा जास्त होतो. काही औषधे भारतीय बनावटीची मिळतात, तरी खर्च हलका नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचे नाव स्पष्ट आहे. अपंगत्व ठरलेल्या प्रमाणात असेल तर प्रमाणपत्र मिळते. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून रुग्णांसाठी काम करते.

एवढे लक्षात ठेवा

१. एका डोळ्याने अचानक अंधुक दिसणे, एका बाजूचा किंवा दोन्ही पायांचा बधिरपणा, दोन दोन दिसणे, मान पुढे वाकवताच पाठीतून विजेसारखा झटका जाणे, यांपैकी काहीही २४ तासांपेक्षा जास्त टिकले तर डॉक्टरांना दाखवा. तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एका बाजूची शक्ती एकाएकी जाणे असे झाले तर एक मिनिटही न थांबता रुग्णालय गाठा. तो पक्षाघात असू शकतो.

२. लक्षण गेले तरी कधी आले, किती दिवस राहिले, हे वहीत तारखेसह लिहून ठेवा. मागची नोंद असली की निदान निम्मे सोपे होते.

३. मेंदूविकारतज्ज्ञ म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. लोक काय म्हणतील या भीतीने त्यांच्याकडे जाणे टाळू नका.

४. निदान झालेल्या रुग्णाला कडक उन्हात किंवा गरम पाण्याच्या अंघोळीने लक्षणे तात्पुरती वाढल्यासारखी वाटतात. सावलीत, गार पाण्याने ती उतरतात. हा नवा झटका नव्हे.

५. बरे वाटते म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नका. मूल हवे असेल तर आधी तज्ज्ञांशी बोला. या आजाराच्या अनेक स्त्रिया सुखरूप बाळंत होतात.

६. सून किंवा मुलगी वारंवार 'हातपाय चालत नाहीत' म्हणत असेल, तर 'कामाचा कंटाळा' हे निदान घरच्यांनी करू नये. ते काम डॉक्टरांवर सोडावे.