खाडीच्या धक्क्यावर गळाची मासेमारी : एक परिसर-पाठ

शाळेची सहल म्हटली की आपल्या मनात किल्ला, धरण किंवा देवस्थान येते. कल्याण, भिवंडी व ठाणे या परिसरातील कित्येक शाळांपासून खाडीचा धक्का हाकेच्या अंतरावर आहे. परंतु तेथे वर्ग घेऊन जावे, असे क्वचितच कोणास सुचते. धक्क्यावर बसून गळाने मासे धरण्याचा दोन तासांचा पाठ कसा योजावा, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. या पाठाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात शिक्षकाने एखाद्या जाणत्या कोळीबांधवाबरोबर जाऊन स्वतः गळ टाकावयाचा. दुसऱ्या भागात विद्यार्थ्यांस न्यावयाचे. पहिला भाग वगळून दुसरा घेऊ नये, अशी आग्रहाची विनंती आहे.

१. हा पाठ कशासाठी?

परिसरातून शिक्षण ही कल्पना आपल्या भागास नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व पुढे ते कोसबाडला नेले. हा प्रदेश त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता; २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच ताराबाई व अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणावर नेली. तीच ती कुरणशाळा. मूल जेथे आहे तेथून शिक्षणास आरंभ करावा, हे त्या प्रयोगाचे सार होय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद सुचविली असून त्या दिवसांत गावच्या कारागिरांकडून शिकावे, असे म्हटले आहे. कोळी हा असाच एक कारागीर आहे.

शिक्षकाने आधी स्वतः का जावयाचे, याचे कारण वेगळे आहे. वीस वर्षे शिकविलेल्या माणसास ‘न येणे’ म्हणजे काय, याचा हळूहळू विसर पडतो. तंगुसाची गाठ तिसऱ्यांदा निसटते, बोटे ऐकत नाहीत, शेजारचा दहा वर्षांचा मुलगा तीच गाठ न पाहता मारतो. अशा वेळी पहिलीच्या वर्गात पेन्सिल धरताना अडखळणारे मूल आपोआप आठवते. गाठ मारण्याचा हा लाभ कोणत्याही प्रशिक्षणवर्गात मिळणे कठीण.

२. स्थळ व वाटाड्या

स्थळाचा भूगोल प्रथम समजून घ्यावा. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगररांगेत उगम पावून कर्जत, बदलापूर, कल्याण अशी येते. भातसा काळू नदीस मिळते व काळू उल्हासला. म्हणजे मुरबाड-शहापूरच्या शाळांच्या कौलांवरून ओघळणारे पाणीही शेवटी याच खाडीत येते. त्या तालुक्यांतील शिक्षकांनी हा पाठ परका मानू नये. कल्याणच्या पुढे समुद्राची भरती नदीच्या पाण्यास भेटते आणि ठाण्यावरून वसईपर्यंत खाडी पसरते. ठाण्याजवळच दक्षिणेकडे मुंबई बंदरापर्यंत जाणारी ठाण्याची खाडी आहे.

कल्याणचा दुर्गाडी किल्ला याच काठावर आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ या परिसरात झाला. ठाण्यातील चेंदणी कोळीवाडा व डोंबिवलीच्या पश्चिमेस मोठागाव येथील रेतीबंदर ही नावेही मुलांच्या परिचयाची असतात. बंदराच्या नावातच तेथील जुना धंदा सांगितला आहे, हे मुलांकडून शोधवून घ्यावे.

ऐरोली ते वाशी या बाजूस २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य घोषित झाले असून २०२२ साली ठाणे खाडीस रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे. पाठासाठी अभयारण्याच्या हद्दीबाहेरचा, कठडा असलेला व गाळापासून उंच असा धक्का निवडावा. तिवरांची फांदीही मोडू नये. त्या वनास कायद्याचे संरक्षण आहे.

वाटाड्या शक्यतो आपल्याच एखाद्या विद्यार्थ्याचा आजोबा किंवा काका असावा. त्यांस रीतसर निमंत्रण द्यावे, ‘काका’ वा ‘नाना’ असे गावात ज्या नावाने त्यांस मान आहे त्या नावाने संबोधावे, आणि दोन तासांचा मोबदला सन्मानाने द्यावा. त्या सकाळी ते गुरुजी आहेत व आपण विद्यार्थी, हे मुलांसमोर स्पष्ट दिसले पाहिजे.

३. वेळ : पाऊणकीचा हिशेब

पाठाचे हृदय येथे आहे. मासे कोणत्या वेळी येतील, हे घड्याळ सांगत नाही, चंद्र सांगतो. कोकण किनाऱ्यावर जुना हिशेब असा आहे : त्या दिवशीच्या तिथीस पाऊणने गुणावे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमीस पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार वाजता. अष्टमीस सहा वाजता. एकादशीस सव्वाआठ वाजता. दिवसातून दोनदा भरती येते. एका भरतीनंतर दुसरी सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी. दोहोंच्या मधोमध ओहोटी.

असे का होते, तेही सांगावे. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करीपर्यंत चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकतो. त्यास गाठण्यास पृथ्वीस सुमारे पन्नास मिनिटे अधिक लागतात. म्हणून भरती रोज तितकी उशिरा येते. पन्नास मिनिटांऐवजी पाऊण तास धरणे तोंडी हिशेबास सोपे. हा हिशेब अंदाजी आहे, याचा पुरावा त्यातच आहे. पौर्णिमेस उत्तर सव्वाअकरा येते व दुसऱ्या दिवशी प्रतिपदेस एकदम पाऊण वाजतो. दीड तासाची ही उडी कशी पडली, हे मुलांनाच विचारावे. रोज राहून गेलेली थोडी मिनिटे पंधरा दिवसांत साचतात, हे उत्तर काढताना वर्ग रंगून जातो. शिवाय हा हिशेब खुल्या किनाऱ्याचा आहे. खाडीत आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते. आपल्या धक्क्यावर किती उशिरा, ते वाटाड्यास विचारून वहीत लिहावे.

खाडीकाठच्या एका शाळेत भेटीस गेलो असता पाचवीच्या वर्गात अपूर्णांकांचा गुणाकार चालला होता. मागच्या बाकावरील एक मुलगा कोणत्याच उदाहरणास हात वर करीत नव्हता. शिक्षकांनी त्याच्या घरचा धंदा जाणून विचारले, “आज पाणी केव्हा भरेल रे?” मुलगा क्षणाचाही विलंब न लावता उत्तरला, “सव्वाआठला भरलं, गुरुजी.” त्या दिवशी एकादशी होती. आजोबांच्या तोंडून ऐकून त्याने हा हिशेब उचलला होता. तो हिशेब आणि फळ्यावरचा हिशेब एकच आहेत, हे मात्र त्यास कोणी सांगितले नव्हते. आपल्या वर्गात अशी किती मुले ‘कच्ची’ म्हणून मागे बसली असतील, याचा प्रत्येकाने विचार करावा.

पाऊणकीचा पाढा आता पाठ्यक्रमात राहिला नाही. परंतु धक्क्यावर जाण्यापूर्वी आठ दिवस तो वर्गात म्हणून घेतल्यास काही बिघडत नाही. पाठासाठी दशमी वा एकादशीची सकाळ सोयीची. उधाण अद्याप दूर असते, आणि सात ते नऊ या वेळेत चढते पाणी व कोवळे ऊन दोन्ही मिळतात.

४. साहित्य व गाठ

नवशिक्याने लांब काठीच्या मागे लागू नये. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेला वीस-पंचवीस मीटर तंगूस, लहान गळ, शिशाचे वजन व आमिषास थोडी कोळंबी एवढे पुरे. त्याखेरीज बादली, जुने फडके, पक्कड, कात्री, पिण्याचे पाणी व प्रथमोपचाराची पेटी घ्यावी. मुलांसाठी नेण्याच्या गळांचे उलटे नख पकडीने आधीच दाबून सपाट करावे. मग गळ माशाच्या तोंडातून सहज निघतो आणि चुकून बोटात गेला तरी इजा कमी होते.

गाठ अशी मारावी : तंगुसाचे टोक गळाच्या भोकातून ओवावे, मूळ दोऱ्याभोवती पाच वेढे द्यावेत, टोक परत येऊन भोकाजवळच्या पहिल्या फटीतून घालावे, गाठ पाण्याने ओली करून मग हळूहळू आवळावी. कोरडी गाठ आवळताना तंगूस घासून तापतो व दुबळा होतो. घरी सुतळी व मोठी खिळ-कडी घेऊन हीच गाठ वीस वेळा मारून पाहावी.

५. धक्क्यावरील दोन तास

पहिली पंधरा मिनिटे गळ बाहेर काढू नये. केवळ पाहावे. फेस व पाने कोणत्या दिशेस वाहतात? चिखलावर उड्या मारणारे निवटे दिसतात काय? हा मासा पुढच्या परांवर चालतो आणि अंग ओले असेतो हवेतही श्वास घेतो. बगळा कोठे उभा आहे? जेथे बगळा टिकून उभा राहतो, तेथे काहीतरी आहे.

मग गळ टाकावा, फेकावा नव्हे. डोक्यावरून गरगर फिरवून फेकणे जाणत्यांसाठी सोडावे. नवशिक्याने धक्क्याच्या भिंतीलगत दोर सरळ खाली सोडावा, शिसे तळास लागले की वीतभर वर घ्यावा, व तंगूस तर्जनीवर टेकवून बसावे. येथून पुढे सारे ज्ञान त्या एका बोटात येते. चिंबोरी आमिष संथपणे ओढते. लहान मासे टोचा मारल्यासारखे करतात. शिंगाळा मात्र झटका देतो. झटका लागताच घाबरून जोराने हिसडा देऊ नये. मनगटाने हलकेच वर घ्यावे व दोर हातोहात ओढावा.

पुष्कळदा दोन तासांत काही लागत नाही. पहिल्या खेपेस प्लास्टिकची पिशवी वर येण्याचाच संभव अधिक. ती परत पाण्यात न टाकता बादलीत ठेवावी व नोंदीत लिहावी. तीही त्या खाडीची माहितीच होय.

ज्या मुलांच्या घरी मासे खात नाहीत, किंवा ज्यांना जीव धरणे आवडत नाही, त्यांच्यावर सक्ती करू नये. त्यांच्याकडे पाणी मोजण्याचे काम द्यावे. दर दहा सेंटिमीटरवर रंगाची खूण केलेला बांबू मोठ्या माणसाने धक्क्यास बांधावा. मुलांनी कठड्याआतून दर पंधरा मिनिटांनी पाण्याची उंची वाचावी. हे काम गळाहून कमी प्रतीचे नाही.

६. गळाला काय लागते

शिंगाळा मिशांवरून ओळखावा. याची मादी अंडी घातल्यावर नर ती तोंडात बाळगतो व पिले बाहेर येईपर्यंत जवळजवळ उपाशी राहतो. खरबी लहान व तळाशी राहणारी. बोईट कळपाने फिरतो, शेवाळ व गाळातील कण खातो. म्हणून डोळ्यांसमोर उसळ्या मारूनही गळास सहसा भुलत नाही. जिताडा मिळाला तर तो दिवस मोठा. हा मासा अंडी घालण्यास खाऱ्या पाण्याकडे जातो, आणि आरंभी नर असून वाढल्यावर मादी होतो. गोड्या पाण्याच्या बाजूस चिलापीही आढळते. ती आफ्रिकेतील असून १९५२ साली भारतात आणली गेली.

धरलेला मासा ओल्या हाताने धरून, पाहून व मोजून पुन्हा पाण्यात सोडावा. खाडीत शहरांचे सांडपाणी व कारखान्यांचे पाणी मिसळते. म्हणून येथील मासे शाळेत शिजवू नयेत. पूर्वी येथे काय मिळे व आता काय मिळते, हे वाटाड्यास मुलांनी विचारावे व त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरून घ्यावेत. त्या उत्तरात विज्ञान, अर्थशास्त्र व नागरिकशास्त्र तिन्ही आहेत.

७. सावधगिरी

पावसाळ्यात हा पाठ घेऊ नये. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. मुंबई बंदरात मोठ्या उधाणास पाणी सुमारे पाच मीटर चढउतार करते. शेवाळलेल्या पायऱ्यांवर उतरू नये. गाळात पाय घालू नये. रेती उपसलेल्या ठिकाणी तळ एकाएकी खोल जातो. रेल्वे पुलाकडे वा विजेच्या तारांखाली जाऊ नये. पालकांची लेखी संमती व मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी. पाच मुलांमागे एक मोठा माणूस असावा. प्रत्येक मुलाच्या अंगात तरंगण्याचे जाकीट असावे. जाकिटे मिळत नसतील तर मुलांना न नेता वाटाड्यासच वर्गात बोलवावे.

शिंगाळ्याच्या पाठीवरील व बाजूच्या परांतील काटे करवतीसारखे असतात. त्यास मुलांनी हात लावू नये. काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवावा व दवाखान्यात न्यावे. गळ खोल रुतल्यास ओढू नये. तसाच ठेवून डॉक्टरांकडे जावे.

८. वर्गात परतल्यावर

पाण्याच्या उंचीचे आकडे आलेखकागदावर मांडावेत. भरतीच्या सहा तासांत पाणी सारखे चढत नाही. साधारणपणे बारा भागांपैकी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन व एक भाग असे चढते, असा नाविकांचा आडाखा आहे. आपला आलेख त्याशी कितपत जुळतो, हे तपासावे. भाषेच्या तासास भरती, ओहोटी, उधाण, भांग, तांडेल, पाग, डोल या शब्दांचा कोश मुलांनी करावा. त्यातील अर्थ कोळी व आगरी घरांतील मुलांनी सांगावेत आणि बाकीच्यांनी लिहावेत. त्या दिवशी फळ्याजवळ कोण उभे राहते व मागच्या बाकावर कोण बसते, याची शिक्षकांनी आपल्या टाचणवहीत स्वतंत्र नोंद करावी.

ज्या शाळा हा पाठ घेतील, त्यांनी तिथी, हिशेबाची वेळ व प्रत्यक्ष भरतीची वेळ या तीन रकान्यांचा तक्ता केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडावा. वेगवेगळ्या धक्क्यांचे असे तक्ते एकत्र झाले, तर भरती खाडीत कोठे किती उशिरा पोहोचते, याचा नकाशा आपल्याच मुलांच्या हातून तयार होईल.