गेट अडवण्याआधी नकाशा काढा

जालन्यात अंबड रोडच्या बाजूला आमची जुनी एन.ए. प्लॉटिंगची कॉलनी. मागच्या मोकळ्या जागेत अपार्टमेंट उभं राहिलं आणि गल्लीच्या टोकाला, जिथे सलग भिंत होती, तिथे एके दिवशी लोखंडी गेट बसलं. उन्हाळा लागला तसे टँकर सुरू झाले. जालन्याचं पाण्याचं दुखणं जुनंच. रिव्हर्स घेताना टँकरचं चाक शेजारच्या काकूंच्या पायरीवर चढलं, शहाबादी फरशी मधोमध तडकली आणि गल्लीचं डोकं फिरलं.

त्याच रात्री आम्ही गेटसमोर दगड टाकले, आडवा पाईप वेल्डिंग करून घेतला. मी पुढे होतो. सकाळी आतल्या बाजूला एक आजोबा वॉकर धरून उभे. दवाखान्यात जायचं होतं आणि रिक्षा आत येईना. "बाळा, आमचं काय चुकलं?" एवढंच त्यांनी विचारलं. त्यांनी तर गेट बघूनच फ्लॅट घेतला होता. भांडण बिल्डरशी, अडवलं आजोबांना. याची लाज मला अजून वाटते.

दुपारी पोलीस आले. तक्रार कितीही खरी असली तरी कुणाची वाट अशी अडवता येत नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 खाली तो गुन्हा ठरू शकतो, हे तेव्हा कळलं. पाईप आम्हीच कापला.

मग एका निवृत्त तलाठ्यांनी विचारलं, "नकाशा पाहिला का?" कुणीच पाहिला नव्हता. माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाकला. 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक असतं, पण महापालिका झाली 2023 मध्ये आणि आमचं रेखांकन त्याच्या कितीतरी आधीचं, त्यामुळे नगररचना आणि जिल्हाधिकारी कार्यालय असे दोन्हीकडे हेलपाटे झाले.

कागद हातात आल्यावर दोन गोष्टी दिसल्या. अपार्टमेंटच्या मंजूर नकाशात आमच्या बाजूला गेट नव्हतंच, भिंत होती. आणि आमच्या रेखांकनात रस्ता 9 मीटरचा होता. टेप लावला तर साडेसहा भरला. बाकीचा रस्ता आमच्याच ओट्यांखाली, गाडीच्या रॅम्पखाली गेला होता. आधी पायऱ्या मागे घेतल्या, मगच गेटबद्दल अर्ज दिला. फ्लॅटमध्ये माणसं तर आधीपासूनच राहत होती. टँकर मुख्य रस्त्याच्या गेटने न्यायचं त्यांनी मान्य केलं. पायी ये-जा करायला इकडचं छोटं दार राहू दिलं.

तुमच्या मागे आत्ता पाया खोदला जात असेल तर याच आठवड्यात हलावं. प्लॉट 500 चौरस मीटरहून मोठा असेल आणि फ्लॅटही 8 पेक्षा जास्त असतील, तर प्रकल्पाची नोंद सहसा महारेराच्या संकेतस्थळावर सापडते, कागद तिथेच पाहता येतात. काम नकाशाबाहेर जात असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 54 खाली ते थांबवण्याची नोटीस काढता येते. त्यासाठी लेखी अर्ज द्या, तारखेसह फोटो जोडा, आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.