माती कच्ची की बांधणी कच्ची?

‘कच्चं घर’ म्हटलं की मातीच्या भिंती डोळ्यासमोर येतात आणि ‘पक्कं घर’ म्हटलं की सिमेंटचा स्लॅब. पण यात कच्चं नेमकं काय असतं? माती की बांधणी?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसं आपल्याच घराखाली गाडली गेली. दगडमातीच्या घरांची भीती लोकांच्या मनात बसली ती तेव्हापासून.

आता जरा हिशोब करू. ३ मीटर × ३ मीटरची खोली, वर अर्धा मीटर जाडीचं मातीचं माळवद. म्हणजे ४.५ घनमीटर माती. घनमीटरला १६०० किलो धरले तर डोक्यावर सात टनांहून जास्त वजन! भूकंपाचा जोर वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो, हे आपण शिकलोच आहोत. खाली भिंत जाडजूड, पण प्रत्यक्षात दोन वेगळे थर, मध्ये दगडगोट्यांची भर आणि दोघांना बांधणारं काहीच नाही. हादरा बसला की थर सुटून बाहेर फुगतात आणि माळवद खाली येतं.

याउलट २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप बघा. तिथले पारंपरिक ‘भुंगे’, म्हणजे गोल मातीची भिंत आणि वर गवताचं हलकं शंकूसारखं छप्पर, मोठ्या प्रमाणात टिकले. त्याच दिवशी दूर अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. तेव्हा दोष एकट्या मातीला कसा देणार?

मग स्वस्त आणि टिकाऊ घरासाठी काय करायचं?

१) दगडी भिंतीत ‘थ्रू स्टोन’, म्हणजे आरपार जाणारा लांब दगड घाला. उंचीत दर ६० सेंमीला, आडवं १.२ मीटरच्या आत.

२) जोतं, लिंटेल आणि छपराच्या पातळीवर सलग पट्टा फिरवा. लाकडाचाही चालतो.

३) छप्पर हलकं ठेवा.

४) मातीचा खरा शत्रू पाणी. म्हणून जोतं उंच, वळचण रुंद.

५) माती पारखा. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा. वाळू मिनिटभरात बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती सगळ्यात शेवटी. थर मोजले की प्रमाण कळतं. हा प्रयोग हॉस्टेलच्या खोलीतही होतो.

काळी माती फुगते आणि आकसते, म्हणून ती भिंतीला नको. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं: काळी शेताला, पांढरी घराला. वालुकामय मातीत ५ ते १० टक्के सिमेंट मिसळून, यंत्रात दाबून विटा करता येतात. त्या भाजाव्या लागत नाहीत, इंधन वाचतं. तीनचार आठवडे ओल्या ठेवल्या की झालं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली सुरू झालेल्या ‘अस्त्र’ केंद्राने यावर भरपूर काम केलं आहे.

सुट्टीत गावी जाल तेव्हा घराच्या भिंतीकडे एकदा इंजिनिअरच्या नजरेने बघा. आरपार दगड आहे का? माळवद किती जाड आहे? दर दोनचार वर्षांनी त्यावर नवीन मातीचा थर चढतोय का? चढत असेल तर आधी जुना काढायला सांगा. त्याला खर्च फक्त घमेलं-फावड्याचा, पण वाचणारा जीव आपल्याच माणसाचा असेल.