गुण आहेत, मग अर्ज का नाही?

निकालाच्या यादीत मुली वर आणि नोकरीच्या मुलाखतींसाठी नावं मागवली की त्यांतल्या निम्म्या गप्प, हे बी.एस्सी., बी.कॉम.च्या वर्गांवर शिकवणाऱ्यांना नवं नाही. केंद्र सरकारच्या २०२१-२२च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशातल्या ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांपैकी २ कोटी ७ लाख मुली होत्या. म्हणजे जवळजवळ बरोबरी. पुढे २०२३-२४च्या श्रमबल सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी ७८.८ टक्के कामात किंवा कामाच्या शोधात होते आणि स्त्रियांपैकी ४१.७ टक्के. या दरीला लग्न, घरकाम, प्रवास, नोकऱ्यांचा दुष्काळ अशी बरीच कारणं आहेत आणि ती कॉलेजच्या आवाक्यातली नाहीत. पण एक कारण आवाक्यातलं आहे: केलेल्या कामावर हक्क सांगण्याची सवय नसणं. त्यावर एका शिक्षकाला एका सत्रात करता येईल अशी ही कृती.

साहित्य थोडं लागतं. कोरे कागद, नोकरीच्या पाच-सहा खऱ्या जाहिराती, दोन माजी विद्यार्थिनी आणि आठवड्याचा एक तास. प्रेरणादायी वक्ता नको. वर्ग दुसऱ्या वर्षाचा घ्या. तिसऱ्या वर्षी परीक्षा, प्रकल्प आणि घरी येणारी स्थळं एकदमच सुरू होतात.

१. पहिल्या तासाला निनावी कागद भरून घ्या. ‘तुम्हाला आत्मविश्वास आहे का?’ असं विचारू नका, सगळे ‘हो’ लिहितात. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७मध्ये मांडलं ते इथे उपयोगी पडतं: स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास कामागणिक वेगळा असतो. म्हणून कामं द्या आणि प्रत्येकापुढे ० ते १० आकडा मागा. प्रयोगाची मांडणी कोणाच्याही मदतीशिवाय करणं. महिन्याचे हिशेब टॅलीत बसवणं. स्वतःच्या प्रकल्पाबद्दल पाच मिनिटं अनोळखी माणसाशी बोलणं. दुसऱ्या शहरात राहून नोकरी करणं. पगार किती हवा ते सांगणं. त्याखाली एकच मोकळा प्रश्न: हा अभ्यास कशासाठी करताय? गुणांचा गट आणि मुलगा, मुलगी, अन्य की सांगायचं नाही, ही खूण अगदी शेवटी घ्या. सुरुवातीलाच विचारलं, तर पुढची उत्तरं त्या चौकटीत बसवली जाण्याचा धोका असतो.

२. कागद वाचताना सगळ्या मुली विरुद्ध सगळी मुलं अशी तुलना करू नका. सारखे गुण असलेल्यांचे कागद शेजारी ठेवा. अमेरिकेत नॅन्सी बेट्झ आणि गेल हॅकेट यांनी १९८१मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा असाच अभ्यास केला होता. गणित-इंग्रजीच्या चाचण्यांत मुलं-मुली सारखीच होती. तरी पुरुषांची मानली जाणारी कामं आपल्याला जमतील, असं मुलींना कमी वाटत होतं. तुमच्या वर्गात तसं दिसेलच असं नाही. चाळीस जणांच्या वर्गाची टक्केवारी मात्र काढू नका, त्यातून अहवाल सजतो आणि कळत काहीच नाही.

मुलांचे कागद ‘त्यांचं काय, ठीकच असेल’ म्हणून बाजूला सारू नका. ‘कशासाठी शिकताय’समोर ‘पदवी लागते म्हणून’ एवढंच लिहिणारा मुलगाही अडकलेलाच असतो. कमावण्याचं ओझं डोक्यावर, विषयात रस नाही आणि तसं बोलायची सोय नाही. त्याला पुढच्या सगळ्या पायऱ्या तेवढ्याच लागू आहेत.

३. आता प्रयोगशाळेत जा. खरं काम इथेच आहे, त्यामुळे अर्धं सत्र यावर घालवलंत तरी चालेल. गटात उपकरणाला हात कोण लावतं आणि वहीत आकडे कोण उतरवतं, हे न बोलता टिपून ठेवा. ‘हिचं अक्षर छान आहे’ म्हणून जर्नल तिच्याकडे, पीपीटी तिच्याकडे. जोडणी, कोड आणि बिघाड शोधणं त्याच्याकडे. कोणी वाईट हेतूनं करत नाही; कित्येकदा आपणच तशी वाटणी करून देतो. वर्षभरानं तिच्याकडे सुबक जर्नल असतं आणि त्याच्याकडे ‘मी हे चालवलंय’ हा अनुभव. बांडुरांनी विश्वासाचे चार स्रोत सांगितले आहेत. स्वतः काम तडीस नेण्याचा अनुभव, आपल्यासारख्या माणसाला ते करताना पाहणं, इतरांचे शब्द आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांत पहिला सगळ्यांत भारी. आपण बहुतेक वेळा तिसऱ्यावरच, म्हणजे भाषणांवर थांबतो.

म्हणून गटातल्या कामांची पाळी लावा आणि ती भिंतीवर लिहा. सत्रात प्रत्येकाकडून एक तरी प्रयोग मांडणीपासून बिघाड काढण्यापर्यंत एकट्यानं करून घ्या. कोणी अडलं की लगेच धावू नका; मुलीच्या बाबतीत तर आपण जरा जास्तच लवकर धावतो. तोंडी परीक्षेत अहवाल टाइप करणाऱ्याला जोडणीबद्दल विचारा आणि जोडणी करणाऱ्याला अहवालाबद्दल.

४. यानंतर पुराव्याचा कागद. ‘मी हे केलं’ अशी निदान दहा वाक्यं प्रत्येकानं लिहायची. ‘मदत केली’, ‘सहभाग घेतला’ चालणार नाही. घरची कामंही येऊ द्या: आईच्या बचत गटाची वही लिहिली, दुकानाची बिलं जीएसटीसाठी लावली, दोन मुलांची शिकवणी घेतली. ‘त्यात काय विशेष’ म्हणून मुली हे गाळतात. तुम्ही विचारून काढून घ्या.

५. जाहिराती वाटा. जमणाऱ्या अटींवर बरोबरची खूण, न जमणाऱ्यांवर फुली. मग विचारा, किती खुणा झाल्यावर अर्ज कराल? ‘सगळ्या’ म्हणणाऱ्यांना अनिवार्य अट आणि ‘असल्यास प्राधान्य’ यांतला फरक दाखवा. प्रत्येकानं दोन अर्ज खरोखर पाठवायचे.

६. माजी विद्यार्थिनी बोलवाल ती कलेक्टर नको. दोन-तीन वर्षं पुढची, याच बाजूच्या गावातून एसटीनं आलेली, साध्या नोकरीतली हवी. तिला यशाचं रहस्य विचारू नका. पहिला पगार किती, खोलीचं भाडं किती, पहिल्या नकारानंतर काय केलं, रात्री उशीर झाला तर कशी परतते, हे विचारा.

७. सराव मुलाखती घ्या. नंतर ‘छान बोललीस’ म्हणून सोडू नका. कुठलं उत्तर पटलं, कुठलं नाही, ते सांगा. लग्नाचा प्रश्न येतो, म्हणून तोही विचारा, आणि मुलांनाही विचारा. वर्ग हसेल, हसू द्या. ‘या पदाला लागणारा वेळ मी देऊ शकते, काम नेमकं काय असेल?’ एवढं उत्तर पुरतं.

८. घरच्यांशी बोलायचं ते विद्यार्थिनीनं ‘हो’ म्हटलं तरच. आईवडिलांना समानतेवर व्याख्यान देऊ नका, माहिती द्या. नोकरी कुठे, तास किती, वसतिगृह कोणतं, बस कधी सुटते. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३चा कायदा आहे आणि दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत अंतर्गत समिती असावीच लागते, हेही सांगा. ‘पाठवणार नाही’मागे पुष्कळदा माहितीचा अभाव असतो, नेहमी नसतो. आणि एखादीला खरोखरच नोकरी नको असेल, तर तिच्या मागे लागू नका.

९. सत्र संपताना पहिलाच कागद पुन्हा भरून घ्या. काहींचे आकडे खाली येतील. प्रयोग एकट्यानं केल्यावर आधीचा दहा सहावर येतो, आणि तो सहा जास्त खरा असतो. खरी मोजणी अर्जांची करा: किती गेले, कोणाचे गेले.

एवढं करताना वेळापत्रक लावणाऱ्यांशी मात्र भांडा. हा तास शनिवारी शेवटी टाकू देऊ नका. त्या वेळी बाहेरगावच्या मुली एसटी पकडायला निघालेल्या असतात.