कामावरचा अपघात : वकील केव्हा गाठावा?

कामावर असताना कामगार जखमी झाला किंवा दगावला, तर मालकाची चूक सिद्ध न करताही त्याला वा त्याच्या वारसांना भरपाई मागता येते. 1923 च्या भरपाई कायद्याने हा हक्क दिला. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला. त्याआधीच्या अपघातांसाठी जुन्या कायद्यातील तरतुदी पाहाव्या लागतात.

सर्वप्रथम पगारपावती पाहावी. तीवर ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) कपात असेल, तर मालकाविरुद्ध भरपाईचा दावा चालत नाही. लाभ ईएसआयकडूनच घ्यावा लागतो. तेथे अपघाताची नोंद वेळेवर झाली आणि अपंगत्वाची टक्केवारी पटली, तर वकिलाची गरज पडत नाही. ईएसआय नसलेल्या ठिकाणीही दुखापत किरकोळ असेल, मालकाने दवाखान्याचे बिल भरले आणि घरी बसलेल्या काळात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या 25 टक्के रक्कम दिली, तर वकिलावर खर्च करण्यात अर्थ नाही.

कायमचे अपंगत्व आले की चित्र बदलते. संपूर्ण अपंगत्वात मासिक वेतनाच्या 60 टक्के रकमेला वयाच्या गुणकाने गुणतात. 2020 पासून हिशेबात धरायच्या वेतनाची मर्यादा 15,000 रुपये आहे. तीस वर्षे पूर्ण केलेल्या कामगाराचा गुणक 207.98, म्हणजे 9,000 गुणिले 207.98, एकूण 18,71,820 रुपये. प्रेस मशीनमध्ये त्याचा अंगठा तुटला, तर कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे कमाईची क्षमता 30 टक्के घटली असे धरतात आणि 5,61,546 रुपये होतात. ‘साहेबांनी खुशीने दिलेले’ पन्नास हजार या आकड्याशेजारी ठेवून पाहावेत.

टक्केवारीचा प्रश्न केवळ डॉक्टरच्या दाखल्याने सुटत नाही. डावा हात गमावलेला सुतार सुतारकाम करूच शकत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता पूर्ण गेली, हे सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये मान्य केले. अशी मांडणी करायला वकील लागतो.

मालक हात झटकतो, तेव्हाही वकील हवा. ‘हा आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे’ हे नेहमीचे उत्तर. पण मूळ मालकाच्या धंद्याचे काम त्याच्या आवारात चालू असेल, तर ठेकेदाराच्या कामगाराची जबाबदारी त्याच्यावरही येते. ‘दारू प्यायला होता’, ‘मशीनचे गार्ड काढले होते’ हे बचाव मृत्यू किंवा कायमच्या संपूर्ण अपंगत्वात चालत नाहीत. कामावर येता-जाताना झालेला अपघातही कामाशी जोडता येतो. महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या 2003 मधील मृत्यूबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये वारसांच्या बाजूने निकाल दिला. तोवर बावीस वर्षे उलटली होती.

सर्वांत मोठे नुकसान मात्र सहीने होते. रुग्णालयातच कोऱ्या कागदावर किंवा ‘माझी काही तक्रार नाही’ अशा मजकुरावर अंगठा घेतला जातो. हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल असतो; पण तो कागद खोडून काढण्यात वेळ आणि पैसा जातो. तडजोड करायचीच असेल, तर ती कामगार भरपाई आयुक्तांकडे (नव्या संहितेत सक्षम प्राधिकाऱ्याकडे) नोंदवावी. मृत्यूची भरपाईही त्यांच्याकडेच जमा व्हावी लागते. परस्पर हातावर ठेवलेली रक्कम भरपाई ठरत नाही.

अपघाताची लेखी सूचना लगेच द्यावी आणि दावा 2 वर्षांच्या आत लावावा. हजेरीची नोंद, बँकेत जमा झालेला पगार, दवाखान्याचे कागद, पोलीस पंचनामा आणि सोबत्यांची नावे जपून ठेवावीत. मालकाने महिनाभरात रक्कम दिली नाही, तर 12 टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड मागता येतो. अर्जात तो न विसरता मागावा.

फीच्या भीतीने थांबू नये. औद्योगिक कामगार, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, दूरध्वनी 15100. नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीही आयुक्तांपुढे बाजू मांडू शकतो. खासगी वकील केल्यास फी आधी लेखी ठरवावी आणि कोऱ्या धनादेशावर सही देऊ नये. दुखापत कायमची असेल, जबाबदारी नाकारली जात असेल किंवा कोणी सही मागत असेल, तर त्याच दिवशी कायदेशीर सल्ला घ्यावा.