जपानच्या शहरांत जाताना : औषधांची पिशवी, उन्हाळा आणि आपत्कालीन मदत

जपान हा प्रवाशांसाठी सुरक्षित देश आहे, हा समज योग्यच आहे. टोकियो, ओसाका, क्योतो या शहरांत नळाचे पाणी निर्धास्तपणे पिता येते, रस्ते स्वच्छ असतात आणि चोरीमारीचे भय कमी असते. मात्र याच निश्चिंततेमुळे घरून निघण्यापूर्वी करावयाची तयारी पुष्कळदा अपुरी राहते. आपल्या देशातून तेथे सहलीसाठी कुटुंबे जातात, तसेच नोकरीनिमित्त राहणाऱ्या मुलांकडे महिना-दोन महिने राहावयास आईवडीलही जातात. टोकियोच्या एदोगावा भागातील निशी-कासाई परिसरात तर भारतीय कुटुंबांची मोठी वस्तीच आहे. मधुमेह, रक्तदाब, दमा किंवा हृदयविकारासाठी रोज औषधे घेणाऱ्या ज्येष्ठ प्रवाशांना डोळ्यांपुढे ठेवून पुढील माहिती प्रामुख्याने दिली आहे.

औषधांची पिशवी

आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली सर्दीची गोळी जपानच्या विमानतळावर बेकायदेशीर ठरू शकते. सर्दी व बंद नाकासाठी दिल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांमध्ये स्यूडोएफेड्रिन हा घटक असतो. त्याचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असलेले औषध पूर्वपरवानगीशिवाय जपानमध्ये नेता येत नाही. कोडीन १ टक्क्याहून अधिक असलेली औषधे, तसेच मॉर्फिन, फेंटॅनिल यांसारखी तीव्र वेदनाशामके अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात. कर्करोगाच्या रुग्णाने ती सोबत नेण्यासाठी तेथील अंमली पदार्थ नियंत्रण कार्यालयाची लेखी परवानगी प्रस्थानापूर्वी मिळविणे आवश्यक असते. अॅम्फेटामिन असलेली औषधे डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. झोपेच्या आणि चिंता कमी करणाऱ्या काही गोळ्यांनाही प्रमाणाची मर्यादा आहे. विजया म्हणजेच भांग असलेली आयुर्वेदिक औषधे घरीच ठेवावीत. डिसेंबर २०२४ पासून जपानमध्ये गांजाचे केवळ सेवनही दंडनीय झाले असून त्या संदर्भात ‘औषध म्हणून घेतो’ हे उत्तर उपयोगी पडत नाही.

रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड अशा नेहमीच्या विकारांसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे १ महिना पुरतील इतकी विनापरवाना नेता येतात. इन्सुलिनची पेन व सुया यांनाही हीच मर्यादा लागू आहे. चिठ्ठीविना मिळणारी साधी औषधे व जीवनसत्त्वे यांसाठी मर्यादा २ महिन्यांची आहे. मुलाकडे दोन महिने राहावयास जाणाऱ्या आईने साठ दिवसांच्या रक्तदाबाच्या गोळ्या बांधून घेतल्या, तर ती या मर्यादेबाहेर जाते. अशा वेळी ‘युन्यु काकुनिन-शो’ नावाचे आयात-पुष्टीपत्र जपानच्या आरोग्य मंत्रालयाकडून प्रवासापूर्वी घ्यावे लागते. त्यासाठी अर्ज ऑनलाइन करता येतो. तिकीट काढले त्याच आठवड्यात हा अर्ज करावा. प्रस्थानाच्या आदल्या दिवशी आठवण होऊन काही साध्य होत नाही.

ही सवलत केवळ प्रवाशाच्या स्वतःच्या वापरासाठी आहे. ‘तिकडे औषधे महाग असतात, एवढे पाकीट मुलीच्या मैत्रिणीला द्या’ अशी विनंती कोणी केली, तर ती सौम्य शब्दांत पण निश्चितपणे नाकारावी. तपासणीत उत्तर ज्याच्या पिशवीत औषध सापडते त्यालाच द्यावे लागते. बंद पाकिटात नेमके काय आहे हे आपणास ठाऊक नसते, हे सांगावयास नकोच.

आपल्या घरांत आणखी एक सवय दिसते. जागा वाचावी म्हणून गोळ्यांची पट्टी कात्रीने कापतात, किंवा सर्व गोळ्या काढून आठवड्याच्या डबीत भरतात. औषधाचे नाव त्यामुळे नाहीसे होते आणि पांढऱ्या गोळीवरून पांढरी गोळी ओळखणे कोणाही अधिकाऱ्यास किंवा डॉक्टरास अशक्य होते. प्रवासापुरती औषधे मूळ वेष्टनातच ठेवावीत. सोबत डॉक्टरांकडून इंग्रजीत टंकलिखित पत्र घ्यावे. त्यात विकाराचे नाव, औषधाचे व्यापारी नाव, त्यातील घटकाचे जेनेरिक नाव, मात्रा आणि वेळा नमूद असाव्यात. आपल्याकडील व्यापारी नावे तेथे अपरिचित असतात. जेनेरिक नाव मात्र जगात सर्वत्र समजते. तसेच भारतीय डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जपानमधील औषधालयात औषध मिळत नाही, त्यासाठी तेथील डॉक्टरांनाच दाखवावे लागते.

औषधे हातातील सामानात ठेवावीत. इन्सुलिन विमानाच्या मालकक्षातील पेटीत ठेवू नये, तेथे ते गोठून निकामी होण्याचा संभव असतो. मुक्कामाच्या दिवसांपेक्षा किमान ५ ते ७ दिवसांची औषधे अधिक घ्यावीत, अर्थात वरील मर्यादा सांभाळून. सप्टेंबर २०१८ मध्ये जेबी या वादळाने ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळाच्या धावपट्टीवर समुद्राचे पाणी आले आणि वाहून आलेले एक तेलवाहू जहाज पुलावर आदळून हजारो प्रवासी विमानतळावरच अडकून पडले. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा तेथील वादळांचा मुख्य काळ आहे, आणि अशा वेळी रेल्वेगाड्याही आगाऊ सूचना देऊन बंद ठेवल्या जातात.

जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. इन्सुलिन किंवा अपस्माराची औषधे घेणाऱ्यांनी पहिल्या दोन दिवसांच्या मात्रांचे वेळापत्रक निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

उष्मा आणि पायपीट

‘आम्हांला उन्हाची सवय आहे’ हे वाक्य जुलै-ऑगस्टमध्ये टोकियोला जाणाऱ्या प्रत्येकाने बाजूला ठेवावे. नागपूर-चंद्रपूरचा ४५ अंशांचा उन्हाळा कोरडा असतो, त्यामुळे घाम वाळतो आणि शरीर थंड राहते. टोकियो, ओसाका, क्योतो येथे ३५ अंश तापमानाबरोबर हवेत आर्द्रता भरपूर असते. घाम अंगावर तसाच राहतो आणि शरीरातील उष्णता बाहेर पडत नाही. शिवाय विदर्भात दुपारी आपण घराबाहेर पडत नाही; सहलीला गेलेला माणूस नेमका दुपारीच मंदिरे पाहत फिरतो. आमच्या मते उन्हाळ्यातील सहलीत ११ ते ४ ही वेळ संग्रहालय, दुकाने किंवा विश्रांती यांसाठी राखून ठेवावी, मग कार्यक्रमपत्रिकेत काहीही छापलेले असो.

तापमान, आर्द्रता व ऊन यांचा एकत्रित निर्देशांक ३३ पर्यंत जाण्याचा अंदाज असल्यास जपानमध्ये उष्माघाताची सतर्कता सूचना प्रसृत केली जाते. त्या दिवशी लहान मुले व ज्येष्ठ यांनी थंड जागेतच राहावे. घरून ओआरएसची पाकिटे न्यावीत. रस्तोरस्ती असलेल्या विक्रीयंत्रांतून पाणी मिळते, तहान लागण्याची वाट न पाहता ते थोडे थोडे प्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

चक्कर, मळमळ, पायांत गोळे येणे ही पहिली लक्षणे आहेत. व्यक्तीला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, मान, काखा व जांघा ओल्या कापडाने किंवा थंड बाटलीने गार कराव्यात. बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा शुद्ध हरपू लागली तर तोंडाने काहीही पाजू नये आणि त्वरित रुग्णवाहिका बोलवावी.

मधुमेही प्रवाशांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घरी दिवसाकाठी दोन-तीन हजार पावले चालणारी व्यक्ती तेथे सहज पंधरा हजार पावले चालते. रेल्वेस्थानकांतील जिने वेगळेच. औषध तेच, जेवण अनिश्चित आणि चालणे अनेकपट झाले की साखर एकाएकी उतरते. ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेची पुडी स्वतःच्या खिशात असावी, गटप्रमुखाच्या पिशवीत नव्हे. नवी चप्पल-बूट प्रवासात प्रथमच घालू नयेत आणि रोज रात्री तळपाय पाहावेत.

टोकियोच्या शिंजुकू स्थानकाला दोनशेहून अधिक प्रवेशमार्ग आहेत. तेथे चुकामूक झालेल्या ज्येष्ठ व्यक्तीला शोधणे सोपे नाही. प्रत्येकाच्या खिशात मुक्कामाचा पत्ता जपानी लिपीत लिहिलेला कागद, विकारांची व अॅलर्जीची नोंद आणि एका नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक असावा. पारपत्र सदैव जवळ बाळगणे हे तेथे पर्यटकांस कायद्यानेच बंधनकारक आहे.

आजारपण उद्भवल्यास

रुग्णवाहिका व अग्निशमन यांसाठी ११९ आणि पोलिसांसाठी ११० हे क्रमांक आहेत. ११९ लावल्यावर ‘आग की रुग्ण’ असा प्रश्न प्रथम विचारला जातो. त्यावर ‘क्यूक्यू’ एवढेच म्हणावे. ठिकाण सांगता येत नसेल तर जवळच्या विक्रीयंत्राकडे पाहावे, त्यावर तेथील पत्त्याची चिठ्ठी लावलेली असते. पुष्कळ शहरांत दुभाष्याला त्याच वेळी दूरध्वनीवर जोडून घेण्याची सोय आहे.

पर्यटक बहुधा स्वस्त, केवळ इंटरनेट देणारे सिमकार्ड घेतात. त्यावरून ११९ किंवा ११० लागत नाही, हे ऐन वेळी कळते. सिमकार्ड घेतानाच ही चौकशी करावी. तशी सोय नसल्यास सार्वजनिक दूरध्वनीवरून हे क्रमांक नाणे न टाकता लावता येतात. हॉटेलचे कर्मचारी आणि ‘कोबान’ नावाची चौकाचौकांतील पोलीस चौकी यांचेही साहाय्य मिळते. पर्यटकांसाठीची २४ तासांची इंग्रजी मदतवाहिनी ०५०-३८१६-२७८७ येथे आहे.

रुग्णवाहिकेचे शुल्क नसते. ती आल्यावर मात्र लगेच निघेलच असे नाही. रुग्णाला दाखल करून घेणारे रुग्णालय निश्चित होईपर्यंत कर्मचारी गाडीतूनच दूरध्वनी करीत राहतात. नातेवाइकांनी यास दिरंगाई समजून घाबरू नये. प्राथमिक उपचार त्या अवधीत चालू असतात.

रुग्णालयाचा खर्च मात्र पर्यटकाला पूर्णपणे स्वतः सोसावा लागतो. तो थकवून परतल्यास पुढील वेळी देशात प्रवेश नाकारला जाऊ शकतो. म्हणून प्रवास विमा घ्यावाच, आणि अर्जात मधुमेह, रक्तदाब, पूर्वीची शस्त्रक्रिया हे सर्व प्रामाणिकपणे लिहावे. हप्ता कमी बसावा म्हणून लपविलेला आजार नेमका दाव्याच्या वेळी उघड होतो आणि भरपाई नाकारली जाते. रविवारी, सणाच्या सुट्ट्यांत, ऑगस्टच्या मध्यात आणि नववर्षाच्या सुमारास लहान दवाखाने बंद असतात, याचीही नोंद असावी.

भूकंप

जमीन हादरू लागल्यास धावत बाहेर जाऊ नये, कारण शहरात वरून काचा व फलक कोसळतात. टेबलाखाली शिरावे, डोके झाकावे, हादरे थांबेपर्यंत तेथेच थांबावे. उद्वाहनात असल्यास सर्व मजल्यांची बटणे दाबून जेथे ते थांबेल तेथे उतरावे. समुद्राकाठी तीव्र किंवा लांबलेला धक्का जाणवला तर सूचनेची वाट न पाहता उंच जागी चालू लागावे आणि सामानासाठी मागे फिरू नये. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात झालेला ७.६ तीव्रतेचा भूकंप नववर्षाच्या सुट्टीतच झाला होता. ‘सेफ्टी टिप्स’ हे जपानच्या पर्यटन विभागाचे मोबाइल अॅप भूकंप व त्सुनामीची सूचना इंग्रजीत देते.

आहार, स्नान व इतर

शाकाहारी प्रवाशांनी ‘दाशी’ हा शब्द लक्षात ठेवावा. वाळविलेल्या माशाचा हा अर्क सूप, नूडल्स आणि भाज्यांच्या रश्शातही असतो. ‘मांस नको’ एवढे सांगून तो टळत नाही. अॅलर्जी असलेल्यांसाठी ‘सोबा’ म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया विशेष धोक्याच्या आहेत. उपवासाला कुट्टू चालत असेल त्यांना भय नाही, परंतु ज्यांनी तो कधी खाल्लाच नाही त्यांनी पहिल्यांदा थोडाच खावा. गर्भवतींनी कच्चे मासे टाळावेत. ‘मोची’ हा तांदळाचा चिकट पदार्थ ज्येष्ठांच्या घशात अडकून गुदमरण्याच्या घटना दर नववर्षी घडतात. त्याचे अगदी लहान तुकडे करून सावकाश चावावे.

गरम पाण्याच्या सामूहिक स्नानगृहात रक्तदाबाच्या रुग्णांनी ४१ अंशांहून अधिक उष्ण पाण्यात उतरू नये, १० मिनिटांत बाहेर यावे, सावकाश उभे राहावे. मद्यपानानंतर हे स्नान पूर्णपणे वर्ज्य. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात देवदारासारख्या ‘सुगी’ वृक्षांचे परागकण हवेत पसरतात, तेव्हा दम्याच्या रुग्णांनी श्वासमार्गाचे औषध व मुखपट्टी जवळ ठेवावी. रात्री काबुकीचो किंवा रोप्पोंगी भागात रस्त्यावर गळ घालणाऱ्या दलालांबरोबर मद्यालयात जाऊ नये, पेयात गुंगीचे औषध मिसळून लुटल्याचे प्रकार तेथे घडले आहेत.

परतल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत ताप, पुरळ किंवा तीव्र अंगदुखी उद्भवल्यास दवाखान्यात प्रवासाचे शहर व तारखा प्रथम सांगाव्यात. २०१४ साली टोकियोच्या योयोगी उद्यानातून डेंग्यूचा फैलाव झाला होता, आणि गोवर-रुबेलाचे रुग्णही तेथे अधूनमधून आढळतात. रुग्णालयाची देयके व अहवाल विम्याच्या दाव्यासाठी मूळ स्वरूपात जपून ठेवावेत.